सातास बावीस

“गोलाला शेवटचं रोप नसतं,” असं मुकादम एकदा म्हणाले होते, आणि वाक्य पुरतं व्हायच्या आत त्यांनी समोरच्या माणसाच्या कानाखाली वाजवली होती.

समोरचा माणूस म्हणजे इस्पितळाच्या बागेला पाणी घालणारा गडी. त्याला सगळे पाणक्या म्हणतात. त्या दिवशी त्यानं भिंतीलगतच्या सरळ ओळीत रोपं लावली होती. वीस अंतरं, एकवीस रोपं, अगदी बरोबर. मग त्याच हिशेबानं तो गोल वाफ्याकडं वळला. वीस अंतरं आखलेली होती, म्हणून एकवीस रोपं उचलून आणली. विसावं लावून झालं तर पुढं पहिलंच उभं, आणि एकविसावं हातात. ते कुठं लावू, असं त्यानं विचारलं, त्यावर हे उत्तर. कुंडी फुटली, रोप मातीत आडवं झालं. पाणक्या पुढं सगळ्यांना सांगायचा की दुसऱ्यांना गणित डोक्यात शिरतं, आपल्याला डाव्या गालातून शिरलं. पण शिरलं ते खरं. त्यानंतर त्याचं गोलातलं रोप कधी उरलं नाही.

मुकादम त्या इस्पितळाच्या बागेत एकतीस वर्षं होते. बागकाम हे मऊ काम आहे असं पेशंटच्या नातेवाइकांना वाटायचं. व्हरांड्यातल्या बाकावर बसून ते हिरवळीकडं बघत आणि उसासे टाकत. मुकादमांना छाटणी करताना जवळून पाहिलं असतं तर त्यांनी बाक बदलला असता. गुलाबाची गुडघ्याएवढी झुडपं ते कात्रीनं तोडत नसत, तासत. वाळवीच्या वारुळावर उकळतं पाणी ओतून ते शेवटची वाफ निघेपर्यंत तिथंच उभे राहत. कुंडीत फार दिवस राहिलेल्या झाडाची मुळं कुंडीच्या आतून गोल गोल फिरतात. ते झाड तसंच जमिनीत लावलं तर मुळं फिरतच राहतात आणि काही वर्षांनी झाड स्वतःचाच गळा आवळून मरतं. म्हणून लावण्याआधी त्या मुळांच्या वेटोळ्याला चार बाजूंनी सुरी मारायची असते. इतर माळी हे काम जपून करतात. मुकादम झाड मांडीवर आडवं घ्यायचे आणि बकऱ्याचं पोट फाडावं तशी सुरी वरून खाली ओढायचे. त्यांची झाडं जगायची. हेच वाईट होतं. जगली नसती तर कुणीतरी त्यांना थांबवलं असतं.

त्यांचा उजवा कान बहिरा होता. तो त्यांच्या वडिलांनी केला. वडीलही माळी, एका मोठ्या बंगल्यावर. त्यांना लिहिता येत नव्हतं, पण एक गोष्ट येत होती: गोलाची आडवी लांबी सात असली तर घेर बावीस भरतो. सातास बावीस. चौदा आडवे तर चव्वेचाळीस, अठ्ठावीस आडवे तर अठ्ठ्याऐंशी. घेर कळला की त्याला झाडामधल्या अंतरानं भागायचं, तेवढी झाडं मागवायची, ना एक कमी ना एक जास्त. हे त्यांनी मुलाला काथ्याच्या ओल्या दोरानं शिकवलं. आधी आकडा विचारायचा, चुकला की दोर. ओला दोर वाळक्या दोरापेक्षा जड असतो आणि लागल्यावर आवाज कमी करतो, म्हणजे मालकांना ऐकू जात नाही. कान गेला त्या दिवशी मुलाचं उत्तर बरोबर होतं. वडिलांना नीट ऐकू आलं नव्हतं. मुकादम ही गोष्ट सांगून हसायचे. त्यानंतर आपण एकदाही चुकलो नाही, असं पुढं जोडायचे. ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते समजायचं नाही.

झाडांच्या जागा ठरवायची त्यांची रीत वडिलांचीच. आकडा काढायचा तो फक्त झाडं मागवण्यापुरता. जमिनीवर ते टेप धरत नसत. गोलाच्या रेषेवर दोर अंथरायचा, जुळला तिथं कापायचा आणि मग त्या दोराला घड्या घालायच्या. सोळा झाडं असतील तर चार वेळा दुमडायचा. चोवीस असतील तर आधी तीन पदर करून मग तीनदा दुमडायचा. घडी पडेल तिथं खडूची खूण, आणि दोर पुन्हा रेषेवर अंथरून खूण तिथं खुंटी. दोन झाडांमध्ये नेमके किती फूट आले हे मोजायची गरजच पडत नसे. आकडा बरोबर असला की अंतर आपोआप बरोबर. एकतीस वर्षं ते तसं येत होतं.

बायको एकोणीस वर्षं टिकली. विसाव्या वर्षी पाण्याच्या डब्याचा फटका जबड्यावर बसला आणि ती एक पिशवी घेऊन भावाकडं गेली. मुलगी तेव्हा सोळा वर्षांची. आईबरोबर जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं. ती गेली नाही. मामाच्या घरी माती नाही, एवढंच तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती रोजंदारीवर बागेत येऊ लागली. तिला अकरा वर्षं झाली. इस्पितळाच्या मागं मुकादमाच्या जागेबरोबर मिळणाऱ्या दोन खोल्या आहेत, त्यात बाप आणि लेक राहत. लेकीकडं टेप होती, शाळेतली दशांश चिन्हं होती आणि जीभ होती. बाबा, तुमचा दोर पावसात आखडतो, टेप आखडत नाही, असं ती एकदा म्हणाली होती आणि त्याबद्दल तिला मिळायचं ते मिळालं होतं. पाणक्या तिला धाकटे मुकादम म्हणायचा, पण थोरल्या मुकादमांच्या बहिऱ्या बाजूला उभं राहून.

मुकादमांना निवृत्त व्हायला महिना उरला तेव्हा बागांचे साहेब आले. त्यांच्या हाताखाली अशा सात-आठ इस्पितळांच्या आणि कचेऱ्यांच्या बागा होत्या. मुख्य दारासमोर अँब्युलन्स वळवायला नवीन गोल रस्ता केला होता, मधोमध गुडघ्याएवढ्या काँक्रीटच्या कठड्याचं वर्तुळ होतं, आरपार बेचाळीस फूट. त्यात सरू लावायचे होते, साडेपाच फुटांवर एक, आणि फांद्या गाड्यांना लागू नयेत म्हणून कठड्यापासून साडेतीन फूट आत. साहेबांनी सांगितलं की हे काम मुलीला एकटीला करू दे. आकडा तिचा, खुणा तिच्या. नीट झालं तर तुमच्या जागेवर तिचं नाव लिहितो, नाही झालं तर दुसऱ्या बागेतला माणूस मुकादम म्हणून येईल, आणि तो आपली माणसं घेऊन येईल. म्हणजे तिची रोजंदारीही जाईल आणि खोल्याही जातील. साहेबांनी हे तिच्यासमोरच सांगितलं. ती फक्त मान हलवून टेप शोधायला गेली.

गोल गुरुवारपर्यंत भरून साहेबांना दाखवायचा असं ठरलं. त्याआधीच्या रविवारी मुलगी नेहमीप्रमाणे आईला भेटायला मामाकडं गेली. ती गेली आणि मुकादम कुदळ घेऊन गोलात उतरले.

त्यांनी असं का केलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तिला जमणार नाही अशी भीती वाटली असेल. तिला जमेल अशीही वाटली असेल. काही असो, त्यांनी मधल्या दिव्याच्या खांबाला दोर बांधून साडेसतरा फुटांवर बरोबर रेषा फिरवली, दोर अंथरला, कापला, घड्या घातल्या आणि संध्याकाळपर्यंत एकट्यानं चोवीस खड्डे खणले. माती नवी भरलेली होती तरी अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला ते खायचं काम नव्हतं. नर्सरीला चोवीस सरूंचा निरोप त्यांनी आधीच्या आठवड्यात मुलीच्या नावानं देऊन टाकला होता.

सोमवारी सकाळी साडेसहाला मुलगी मामाकडून परस्पर बागेत आली तेव्हा बाप कठड्यावर बसून खुंटीची माती पुसत होता. लोखंडाची, हातभर लांब, वरच्या टोकाला ठोकून ठोकून चपटी झालेली खुंटी. आजूबाजूला कुणी नव्हतं. तिनं खड्ड्यांवरून नजर फिरवली. मनात काय आलं ते तोंडावर येऊ दिलं नाही. दोन खड्ड्यांमध्ये टेप धरली.

“चार फूट सात इंच,” ती म्हणाली. “साडेपाच पाहिजे होते.”

बापानं आकडा ऐकवला. सात सख बेचाळीस. बावीस सख एकशे बत्तीस. साडेपाचानं भाग, चोवीस. चूक कुठं आहे?

“बेचाळीस कठड्याचे आहेत, बाबा. झाडं कठड्यावर लावायची नाहीत. दोन्हीकडून साडेतीन आत आलो म्हणजे आडवे पस्तीसच राहिले. सात पंचे. बावीस पंचे एकशे दहा. वीस झाडं.”

मुकादमांच्या आयुष्यातले सगळे गोल हिरवळीत कापलेले होते. कठडा कुठंच नव्हता. जिथं वाफ्याची कड, तिथंच झाडाची रेषा. एकच आडवी लांबी, एकच घेर. आतला आणि बाहेरचा असे दोन घेर एकाच गोलाला असू शकतात, हा प्रश्नच त्यांच्यापुढं कधी आला नव्हता. सात फूट आडवे कमी झाले की बावीस फूट घेर कमी होतो, हे त्यांच्याच वडिलांचं गणित होतं. ते आता लेकीच्या तोंडून आलं. त्यांनी तिला परत बोलायला लावलं. तिनं परत सांगितलं, तितक्याच सावकाश.

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “एवढा मोठा दोर, आणि आतलं बाहेरचं कळेना?”

खुंटी टेपवर मारायची होती की तिच्यावर, ते हात उचलताना त्यांचं त्यांनाही ठरलेलं नसावं. तिनं मनगट मध्ये घातलं. वाळकी फांदी मोडते तसा आवाज झाला, आखूड आणि कोरडा. टेप सुटून सर्रकन आपल्या डबीत गेली. ती ओरडली नाही. गुडघ्यावर बसली, डाव्या हातानं उजवा हात पोटाशी धरला आणि दोन खड्ड्यांमधल्या त्या चार फूट सात इंचांवर ओकली. नाकातून पाणी येत होतं, मनगट मध्येच खाली लोंबत होतं. मुकादम बघत राहिले. खुंटी हातातच होती.

इस्पितळ चाळीस पावलांवर. तीच उठली, तीच चालत गेली, ते मागून. तातडीच्या खोलीत तरुण डॉक्टर होता. खड्ड्यात पाय गेला आणि कठड्यावर पडले, असं तिनं सांगितलं. पडणारा माणूस तळहातावर पडतो, हे मनगट वरून मोडलंय, असं डॉक्टर म्हणाला आणि थांबला. तिनं तेच वाक्य पुन्हा सांगितलं, अक्षर न बदलता. डॉक्टरनं दारातल्या मुकादमांचे मातीचे हात पाहिले आणि ती सांगत होती ते लिहून घेतलं. हाड बसवताना मात्र ती ओरडली. व्हरांड्यातल्या बाकांवरची माणसं उठून उभी राहिली.

प्लास्टर वाळेपर्यंत ती बाहेर बसली. नर्सरीची गाडी येईल, चोवीस लावू नका, एवढंच तिनं बापाला सांगितलं.

गाडी आली. मुकादमांनी चोवीसच्या चोवीस लावले. पाणक्या झाडं उतरवून देत होता. तो नंतर म्हणाला की त्या दिवशी सुरी मुळांवर ज्या तऱ्हेनं चालली, ती बघून आपण प्रत्येक झाड लांबूनच सरकवलं. एक झाड मधोमध चिरलं गेलं, तेही तसंच लावलं. मुलगी कुठं आहे, असं त्यानं एकदा विचारलं. मुकादमांनी बहिरा कान त्याच्याकडं केला.

मंगळवारी दुपारी बाकीचे जेवायला गेल्यावर मुकादमांनी नवा दोर आणला. एकदा तो कठड्यावरून फिरवून कापला. दुसरा झाडांच्या रेषेवरून फिरवून कापला. दोन्ही दोर रस्त्यावर शेजारी शेजारी ताणले आणि उरलेला तुकडा पावलांनी मोजला. बावीस फूट. अँब्युलन्स आली, भोंगा वाजवत राहिली, ते बाजूला होईनात. ड्रायव्हरनं खिडकीतून आईवरून शिवी दिली. दुसऱ्या कुठल्या दिवशी त्यांनी त्याला खाली ओढला असता. त्या दिवशी दोर गोळा करून ते बाजूला झाले.

घरी तीन दिवस दोघं वेगवेगळ्या वेळी जेवली. ती डाव्या हातानं स्वयंपाक करायची, भाजी जाड चिरली जायची. बुधवारी संध्याकाळी मुकादमांनी जन्मात पहिल्यांदा भांडी घासली, आणि चरवी एवढ्या जोरात आपटली की तिला पोचा आला. मुलीनं पाहिलं आणि पाठ फिरवली.

गुरुवारी साहेब आले. जनरेटरशेजारच्या ऑफिसात चहा पिऊन ते गोलात उतरले, दोन सरूंमध्ये टेप धरली, मग दुसऱ्या दोन, मग तिसऱ्या. सगळीकडं चार फूट सात इंच. एवढं सारखं आणि एवढं चूक असं आपण पाहिलं नव्हतं, असं ते म्हणाले. तीन वर्षांत ही झाडं एकमेकांत घुसतील, आतून वाळतील, गोल आतून काळा पडेल. पाणक्याला त्यांनी विचारलं, आखणी कुणाची? पाणक्यानं आपण नळावर होतो असं सांगितलं. रविवारी तो खरोखरच नव्हता, तेवढ्यापुरतं ते खरंही होतं. मुलीला विचारलं तेव्हा ती जमिनीकडं बघत गप्प राहिली. पडले असं तिनं इस्पितळात सांगितलं होतं. एक सांगायचं तर दुसरंही निघणार होतं. साहेबांनी गप्प बसण्याचा घ्यायचा तोच अर्थ घेतला.

सगळे ऑफिसात आले. साहेबांनी कागद पुढं ओढला आणि बाहेरचा माणूस मागवावा लागेल असं लिहायला घेतलं. मुलगी भिंतीला टेकून उभी होती, प्लास्टर छातीशी. मुकादम खुर्चीत होते.

“गणित माझं आहे,” मुकादम म्हणाले. “खड्डे मी खणले.”

साहेबांनी मान वर केली आणि चांगुलपणानं हसले. मलाही मुलगी आहे, असं ते म्हणाले. बाप हेच सांगणार. एकतीस वर्षांत तुमचा एक आकडा चुकलेला नाही, हे साऱ्या बागांना माहीत आहे, आणि आज नेमका चुकला होय? सांगायचं ते सांगितलंत, मुकादम, पण मला कागदावर खरं लिहू द्या. पेन पुन्हा टेकलं.

मुकादमांची मूठ टेबलावर आली. ग्लास उडून आडवा झाला, पाणी कागदावर गेलं, साहेब खुर्चीसकट मागं सरकले. पाणक्या दारातून अर्धा बाहेर गेला. अशा वेळी पुढं काय होतं ते त्या खोलीत साहेब सोडून प्रत्येकाला कधी ना कधी अंगावर कळलेलं होतं. साहेबांना आज कळणार असं वाटलं. पण मूठ तिथंच राहिली, टेबलावर, ओल्या कागदाशेजारी, आणि हळूहळू उघडली. मुकादमांचा आवाज खाली आला. इतका खाली की साहेबांना पुढं वाकावं लागलं.

“सोमवारी सकाळी तिनं वीस सांगितली. मी चोवीस म्हणत होतो. तिनं चूक दाखवली म्हणून मी तिचा हात मोडला. खुंटीनं. ती पडली नाही.”

जनरेटर चालू होता. साहेबांनी मुलीकडं पाहिलं आणि हे खरं का, असं विचारलं. ती हो म्हणाली. कुठलाही बाप मुलीला नोकरी मिळावी म्हणून हे खोटं सांगणार नाही, हे साहेबांच्या तोंडावर लिहिलेलं दिसत होतं. त्यांनी ओला कागद चुरगळला. दुसरा काढायच्या आधी मात्र तिला एक विचारलं: आता हा गोल कसा दुरुस्त करशील?

ती थांबलीच नाही. जणू तीन दिवस तेच करत होती. “चोवीस आणि वीस, दोन्हीला चारानं भाग जातो. म्हणून चार झाडं आहेत तिथंच राहतील, दर सहावं. चार काढायची. एक चिरलेलं आहे, ते त्यातलंच एक धरा. उरलेल्या सोळांना नवे खड्डे. मला दोन माणसं आणि एक दिवस द्या.”

साहेबांनी नवीन कागदावर तिचं नाव लिहिलं. सही केली. मग पाणक्याला तातडीच्या खोलीतल्या डॉक्टरांना बोलवायला धाडलं. केसपेपर बदलावा लागेल, पोलिसांना कळवावं लागेल, मुकादम, तुम्ही इथंच बसा, असं त्यांनी सांगितलं. कागद सारखा करत ते मुलीकडं न बघता म्हणाले की खोल्या आजपासून तिच्या.

मुलगी भिंतीपासून पुढं आली. बापाच्या चांगल्या कानाच्या बाजूनं आली.

“तुमचे कपडे बांधून पाणक्याकडं देते,” ती म्हणाली. “तिकडं येऊ नका, बाबा.”

मुकादम उठले. आडवा झालेला ग्लास त्यांनी उभा केला. दाराशी काढून ठेवलेले चिखलाचे बूट पायात घातले, नाड्या बांधल्या, आणि बाहेर पडून, खोल्यांकडं न वळता, व्हरांड्यातल्या बाकावर पोलिसांची वाट बघत बसले.